एका स्पर्शाचा धनी

वेल्ह्याहून पानशेत, खडकवासला करत पुण्यात शिरलं की सिंहगड रस्त्यावर वेंकटेश्वरा हाउस लागतं. भोर-वेल्ह्यातून पुण्याला जा-ये करणाऱ्याला ही इमारत म्हणजे कोंबडी आणि अंडी. पिल्लं, खाद्य, लस, ब्रॉयलरचा भाव या सगळ्याशी जोडलेलं नाव. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातल्या ब्लॅकबर्न गावात मात्र याच समूहाचं वेंकीज हे नाव उच्चारलं की लोकांना फुटबॉल आठवतो. नोव्हेंबर 2010 मध्ये या पुणेकर उद्योगसमूहानं सुमारे 2 कोटी 30 लाख पौंड मोजून ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. 1888 साली इंग्लंडची फुटबॉल लीग ज्या बारा संघांनी सुरू केली त्यांतला हा एक, 1995 चा प्रीमियर लीग विजेता. एकेकाळी ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेली धोतरं आपल्या बाजारात विकायला येत. दीडेकशे वर्षांत पैशाची दिशा अशी फिरली.

त्या खरेदीनंतर क्लबचं काय झालं यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मे 2012 मध्ये संघ वरच्या विभागातून घसरला, प्रेक्षक रागावले, ते सगळं खरं. मला लिहायचं आहे ते त्याच वर्षी ऑगस्टअखेर झालेल्या एका खरेदीबद्दल. घसरलेल्या ब्लॅकबर्ननं तब्बल 80 लाख पौंड देऊन हडर्सफील्ड टाउनचा बावीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड आणला. त्याचं नाव जॉर्डन ऱ्होड्स. पुण्याच्या पैशानं इंग्लिश फुटबॉलमध्ये केलेली सर्वांत रसिकतेची खरेदी कोणती, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगेन.

ऱ्होड्स मोठा तारा कधीच नव्हता. त्याची बहुतेक कारकीर्द इंग्लंडच्या दुसऱ्या, तिसऱ्या विभागात गेली. प्रीमियर लीगमध्ये तो जेमतेम सहा सामन्यांत दिसला आणि एकही गोल करू शकला नाही. त्याच्याबद्दलचं बोलणं बहुतेक वेळा या वाक्यापाशी येऊन थांबतं: खालच्या पायरीवर शेर, वर शून्य. हा निवाडा मला अत्यंत उथळ वाटतो. एखाद्याची कला कोणत्या मंचावर झाली याची नोंद घ्यावी, पण कलेचा कस मंचावरून लावू नये. ऱ्होड्सजवळ फुटबॉलमधली एकच गोष्ट होती आणि ती त्यानं इतक्या टोकाला नेली होती, की ती पाहायला मंगळवारच्या रात्रीचा, पावसात भिजलेला तिसऱ्या विभागातला सामनाही पुरे व्हावा.

ती गोष्ट म्हणजे शेवटचा स्पर्श.

आमच्या भागात फुटबॉल फारसा नाही. यात्रेत कुस्तीचा आखाडा आणि कबड्डी, हे आमचे खेळ. पण कबड्डी नीट पाहिलेल्या माणसाला ऱ्होड्स समजावून सांगावा लागत नाही. चढाईला गेलेल्या खेळाडूचा हात कोपरारक्षकाला लागला की गर्दी ओरडते. जाणता प्रेक्षक त्याआधीच मान हलवतो, कारण त्याची नजर हातावर नसतेच, ती पायांवर असते. निदान रेषा ओलांडून चढाईपटू डावीकडे दोन पावलं जातो, ती डावीकडच्या गड्याला टिपायला नव्हे. उजव्या कोपऱ्यानं अर्धं पाऊल पुढं यावं म्हणून. गडी पुढं आला की निम्मं काम झालं, हात लावणं उरतं. ऱ्होड्सचे गोल असेच अर्धं पाऊल आधी झालेले असतात.

त्याचे गोल एकामागून एक लावून पाहिले तर पहिल्यांदा निराशाच होते. लांबून मारलेला सणसणीत फटका जवळपास नाही. चार जणांना चकवून केलेली दौड नाही. कुणीतरी बाजूनं चेंडू टाकतो, गोलजाळ्यापासून सहा-सात यार्डांवर हा उभा असतो, पायाच्या आतल्या बाजूनं किंवा कपाळानं चेंडूला दिशा देतो, झालं. नवखा माणूस म्हणतो, याला काय लागतं? नेमका चेंडू याच्याकडेच कसा येतो?

मग तीच दृश्यं पुन्हा पाहावीत आणि चेंडूकडे अजिबात पाहू नये. क्रॉस टाकणारा खेळाडू मान वर करायच्या आधी ऱ्होड्स कुठं आहे ते पाहावं. तो बहुतेक वेळा बचावपटूच्या पाठीमागं, त्याच्या खांद्याआड असतो. ही जागा उगाच निवडलेली नाही. बचावपटूला एका वेळी चेंडू आणि माणूस दोन्ही दिसायला हवेत. चेंडू एका बाजूला आणि माणूस पाठीशी असला की त्याला मान फिरवावी लागते, आणि मान फिरलेल्या त्या क्षणात ऱ्होड्स हलतो. आधी लांबच्या खांबाकडे एक सावकाश पाऊल, जणू त्याला या चेंडूत रसच नाही. बचावपटू त्या बाजूला वजन टाकतो आणि हा त्याच्या पुढून जवळच्या खांबाशी पोचतो. कधी याच्या उलट: सगळे पुढं धावतात आणि हा एकटा मागं थबकतो, मोकळ्या झालेल्या जागेत. वेग फार नव्हता त्याच्याकडे. पाच यार्डांच्या शर्यतीत केव्हा निघायचं हे ज्याला कळतं, त्याला वेगाची फार गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट स्पर्शांच्या संख्येची. चेंडू आला की तो आधी थांबवायचा, सावरायचा, मग मारायचा, हे सगळे शिकतात. ऱ्होड्स शक्यतो पहिल्याच स्पर्शात मारतो. ही हौस नाही, हिशेब आहे. गोलची चौकट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. तिच्यात उभ्या गोलरक्षकाला झेप घ्यायची तर आधी दोन्ही पाय रोवावे लागतात, गुडघे किंचित वाकवून वजन मधोमध आणावं लागतं. मारणाऱ्यानं चेंडू सावरला की गोलरक्षकाला हा अवधी आयता मिळतो. त्यानं पाय मागं उचलला की चेंडू कोणत्या बाजूला येणार याचा अंदाजही मिळतो. पहिल्याच स्पर्शात मारलं की तो अजून सरकत असतो, एक पाय हवेत असतो. अशा वेळी चेंडू जोरात मारण्याची गरजच नसते, नुसता त्याच्या आवाक्याबाहेर सरकवायचा असतो. म्हणून ऱ्होड्सचे पुष्कळ गोल हळू वाटतात. गोलरक्षक जागच्या जागी खिळलेला दिसतो आणि प्रेक्षकाला वाटतं, याला अडवता आलं नाही कसं?

हे गणित त्याला घरातच मिळालं असावं असं मला वाटतं. त्याचे वडील अँडी ऱ्होड्स गोलरक्षक होते. ओल्डहॅम, डनफर्मलिन, सेंट जॉन्स्टन अशा क्लबांकडून खेळलेले. जॉर्डनचा जन्म 1990 चा, ओल्डहॅमचा. वडिलांच्या नोकरीमुळे शाळेची काही वर्षं स्कॉटलंडमध्ये गेली आणि त्या शाळेच्या जोरावर पुढं तो स्कॉटलंडकडून चौदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला, तीन गोल केले. गोलरक्षकाच्या पोरानं गोल मारायचं शिकावं यात मला मोठी संगती दिसते. चौकटीत उभ्या माणसाची भीती कशाची असते, हे ज्या घरात जेवताना बोललं जात असेल, त्या घरातला मुलगा चेंडू जोरात मारण्यापेक्षा लवकर मारायला शिकणार.

सुरुवात मात्र धक्के खात झाली. इप्सविचच्या युवा संघातून पुढं आलेला हा मुलगा ऑक्सफर्ड, रॉचडेल, ब्रेंटफर्ड असा उसना खेळत फिरला. ब्रेंटफर्डला त्यानं एक हॅटट्रिकही केली. 2009 च्या उन्हाळ्यात रॉय कीन प्रशिक्षक असताना इप्सविचनं त्याला हडर्सफील्डला विकून टाकलं. कीनसारख्या कडव्या माणसानं पुढं ही आपली चूक झाल्याचं कबूल केलं. ती लवकरच उघड झाली होती: त्याच ऑक्टोबरात एक्झिटर सिटीविरुद्ध ऱ्होड्सनं 8 मिनिटं 23 सेकंदांत तीन गोल केले आणि तिन्ही डोक्यानं. इंग्लिश फुटबॉलमधली हेडरची ही सर्वांत वेगवान हॅटट्रिक ठरली. आधीचा विक्रम एव्हर्टनच्या डिक्सी डीन या दंतकथा झालेल्या माणसाच्या नावावर होता.

हेडर हा प्रकार आपल्याकडे नुसत्या उंचीचा समजतात. ऱ्होड्सची उंची मध्यमाहून थोडी जास्त, इतकंच. त्याच्या हेडरमध्ये उडी लहान असते आणि वेळ अचूक. तो उडीच्या सर्वोच्च बिंदूला पोचतो तेव्हा चेंडू तिथं येत असतो. बचावपटू त्याच्याहून उंच असूनही एक तर अजून वर जात असतो, नाहीतर खाली येऊ लागलेला असतो. डोळे शेवटपर्यंत उघडे. मान चेंडूवर आदळत नाही, वळते. आणि चेंडू बहुतेकदा खाली, गोलरक्षकाच्या पायाशी टप्पा पडेल असा जातो, कारण वर आलेला चेंडू हातानं अडवणं सोपं, पायाशी उसळलेला फार अवघड. आठ मिनिटांत तीनदा हे जुळून येणं याला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मी म्हणणार नाही.

2011-12 चा हंगाम हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत भरात आलेला भाग. तिसऱ्या विभागात हडर्सफील्डकडून लीगमध्ये 36 गोल, सगळ्या स्पर्धा धरून 40. डिसेंबरात शेफील्ड वेन्सडेच्या मैदानावर सामना 4-4 असा सुटला. हडर्सफील्डचे चारही गोल एकट्या ऱ्होड्सचे. जानेवारीत विकम्बविरुद्धच्या 6-0 विजयात पाच. या विभागात चोवीस संघ, प्रत्येकाला 46 सामने. ऑगस्टच्या उन्हापासून मे महिन्यापर्यंत, मधे डिसेंबरचा चिखल, शनिवारी एक सामना की मंगळवारी दुसरा. बचावपटू राकट, पंच उदार, मैदानं ओबडधोबड. अशा ठिकाणी एका विशिष्ट जागी एका विशिष्ट क्षणी पोचण्याची कला आठवड्यामागून आठवडे टिकवणं म्हणजे काय, याचा विचार चाळीस हा आकडा वाचताना करावा. मे 2012 च्या अखेरीस वेम्ब्लीवर शेफील्ड युनायटेडला पेनल्टींवर 8-7 असं हरवून हडर्सफील्ड दुसऱ्या विभागात चढलं, आणि तीन महिन्यांत ऱ्होड्स ब्लॅकबर्नला गेला.

ब्लॅकबर्नमधला पहिला हंगाम मी त्याच्या कौशल्याचा सर्वांत कठीण पुरावा मानतो. प्रशिक्षक स्टीव्ह कीन सप्टेंबरात गेला. हेनिंग बर्ग आला, तो 57 दिवस टिकला. मायकेल अ‍ॅपलटन 67 दिवस. मधल्या काळात आणि शेवटी हंगामी माणसांनी गाडा ओढला. प्रत्येक नव्या माणसाची मांडणी वेगळी, कुणाला लांब पास हवेत, कुणाला छोटे. फॉरवर्ड हा संघातला सर्वांत परावलंबी खेळाडू, त्याला चेंडू दुसऱ्यांनी आणून द्यावा लागतो. मांडणी बदलली की पहिला उपाशी राहतो तो. त्या वर्षी ब्लॅकबर्न चोवीसात सतरावं आलं. ऱ्होड्सनं लीगमध्ये 27 गोल केले. ते गोल नसते तर क्लब त्याच वर्षी आणखी एक विभाग खाली गेला असता, याबद्दल मला शंका नाही.

पुढच्या वर्षी 25. त्याच्या पुढच्या वर्षी 21, आणि या हंगामात त्याच्या जोडीला बेनिनचा उंचापुरा रुडी जेस्टेड होता, त्याचे 20. ही जोडी पाहणं हा वेगळा आनंद होता. जेस्टेड हवेत दोन बचावपटूंना गुंतवून ठेवायचा आणि त्या गोंधळाच्या कडेला ऱ्होड्स एकटा उरायचा. एकानं सगळ्यांच्या नजरेत यायचं, दुसऱ्यानं सगळ्यांच्या नजरेतून सुटायचं. एकाच संघात दोघा फॉरवर्डांनी वीस-वीस गोल करूनही संघ नववा येतो, यावरून बाकी बाजू किती लंगडी होती ते समजावं. खर्चाचे नियम मोडल्यामुळे डिसेंबर 2014 पासून क्लबवर खेळाडू खरेदीची बंदी होती. मिडल्सब्रो ऱ्होड्सला मागत होतं. 2015 च्या जानेवारीत ब्लॅकबर्ननं सोडलं नाही, 2016 च्या फेब्रुवारीत सोडलं. साडेतीन हंगामांत लीगचे 83 गोल मागं ठेवून तो गेला. त्यानंतरच्या हंगामात, 2017 मध्ये, ब्लॅकबर्न तिसऱ्या विभागात घसरलं.

आता त्या सहा सामन्यांबद्दल. मिडल्सब्रो 2016 मध्ये प्रीमियर लीगला चढलं, त्या चढाईत ऱ्होड्सचेही सहा गोल होते. वर गेल्यावर आयटोर करांका या प्रशिक्षकानं बचावावर भर देणारी मांडणी धरली. अख्ख्या हंगामात, 38 सामन्यांत, मिडल्सब्रोनं मिळून 27 गोल केले. वीस संघांतले सर्वांत कमी. सत्तावीस! एवढे गोल ऱ्होड्सनं डळमळत्या ब्लॅकबर्नकडून एकट्यानं एका हंगामात केले होते. ज्या संघात पेनल्टी बॉक्समध्ये चेंडूच येत नाही, तिथं पेनल्टी बॉक्समधल्या माणसाचं काय काम? तो बहुतेक वेळ बाकावर बसला आणि जानेवारीत शेफील्ड वेन्सडेला रवाना झाला. यावरून तो वरच्या दर्जाचा नव्हता असं म्हणणं म्हणजे तबलजीला तबला न देता त्याचा हात जोखणं.

एक गोष्ट मात्र त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवी. ऱ्होड्सची कला सुटी, स्वतंत्र नव्हती. खेळ मांडून देणं, मागं येऊन चेंडू घेणं, दोघांना ओढून तिसऱ्याला वाट करून देणं, यात तो साधारणच होता. संघ जिंकत असताना नव्वद मिनिटांत त्याला चेंडू पंधरा-वीस वेळा लागला तरी कुणाची तक्रार नसे. गोल आटले की तोच माणूस मैदानावर नसल्यासारखा वाटे. आधुनिक फुटबॉल फॉरवर्डकडून पहिल्या दाबापासून बचावापर्यंत सगळं मागतो. ऱ्होड्स जुन्या घराण्याचा, एकाच रागात उतरलेला. शेफील्डमध्ये मधली वर्षं कोरडी गेली. 2018-19 मध्ये नॉर्विचकडे उसना गेला तेव्हा पुढं टीमू पुक्कीसारखा धडाडीचा फॉरवर्ड होता. हा बहुतेकदा बदली म्हणून उतरला, तरी सहा गोल देऊन विजेतेपदात हातभार लावून आला. आणि डिसेंबर 2019 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर वेन्सडेकडून पहिल्याच अर्ध्यात हॅटट्रिक. शेफील्डचा 4-0 विजय. हात बसलेला असला की रियाज तुटला तरी सूर लागतो.

त्याच्या सगळ्या गोलांतून एकच निवडायचा तर मी 16 मे 2022 चा निवडेन. ऱ्होड्स बत्तिशीत होता, हडर्सफील्डला परतलेला, मुख्य संघातली जागा गेलेली. प्रीमियर लीगमध्ये चढण्यासाठीच्या प्ले-ऑफची उपांत्य फेरी, ल्युटनविरुद्ध दुसरा सामना. पहिला 1-1 सुटला होता. इथंही बराच वेळ गोल नाही, दोन्ही संघ थकलेले, सगळ्यांना अतिरिक्त वेळेची चाहूल. ऱ्होड्सला बदली म्हणून उतरवलं. 82 व्या मिनिटाला सोर्बा थॉमसनं फ्री-किक आत टाकली. बॉक्समध्ये दाटी, प्रत्येकानं कुणाला ना कुणाला धरलेलं, आणि चेंडू जिथं उतरला तिथं, जवळून, ऱ्होड्सचा एक स्पर्श. 1-0. हडर्सफील्ड वेम्ब्लीला गेलं. अंतिम सामना फॉरेस्टनं एका स्वयंगोलावर जिंकला, तो भाग वेगळा.

हा गोल पाहताना मला त्याच्या वयाचं भान राहत नाही. एक्झिटरविरुद्ध एकोणीस वर्षांच्या पोरानं जे केलं तेच बत्तीस वर्षांच्या गड्यानं केलं: सगळे चेंडूकडे पाहत होते, हा चेंडू कुठं पडेल तिकडे गेला. पाय मंदावतात, दम कमी होतो. जागा ओळखण्याची समज मात्र वयानं झिजत नाही, उलट पिकते.

पुण्याच्या मालकांमुळे आपल्याकडच्या काही मुलांनाही ब्लॅकबर्नची वाट दिसली. कोल्हापूरचा फॉरवर्ड अनिकेत जाधव 2019 मध्ये तिथं सरावाला जाऊन आला. कोल्हापूरच्या तालमींनी फुटबॉल जपला, तसा आमच्या मावळात कुणी जपला नाही. पण भोरच्या एखाद्या पोराला जर कबड्डीत कोपरारक्षकाची मान कधी फिरते ते कळत असेल, तर त्यानं ऱ्होड्सचे गोल जरूर पाहावेत. त्याला समालोचकाची गरज लागणार नाही.

2023-24 मध्ये ऱ्होड्स पुन्हा तिसऱ्या विभागात होता, ब्लॅकपूलकडे उसना. त्या हंगामात त्यानं लीगमध्ये पंधरा गोल केले, आणि पुढच्या उन्हाळ्यात ब्लॅकपूलनं त्याला कायमचं ठेवून घेतलं, वय चौतीस.